पुड्यावरचा ‘मसाला’ आणि पेपरातली ‘अगरबत्ती’

पेट किंवा नेट-सेटची तयारी करताना ‘संशोधन समस्या’ या प्रकरणातलं एक वाक्य आपण सगळेच पाठ करतो: समस्या नेमकी हवी, मोजता येईल अशी हवी. वाक्य पाठ होतं, पण नेमकं म्हणजे किती नेमकं, हे कुणी सांगत नाही. म्हणून आज पुस्तकातलं उदाहरण बाजूला ठेवू आणि शहागंजच्या बाजारातून एक उदाहरण उचलू: मसाला अगरबत्ती.

शहागंजच का? कारण इथे एकाच बाजारात लोबान, ऊद, गुग्गुळ, कापूर, अत्तर आणि उदबत्ती सगळं मिळतं, आणि गिऱ्हाईकही सगळीकडचं येतं. कुणी दर्ग्यासाठी घेतं, कुणी देवघरासाठी, कुणी विहारासाठी, कुणी नुसतं दुकान उघडल्यावर गल्ल्यापाशी लावायला. तीच गुलाबाची काडी एकाला दर्ग्याची आठवण देते, दुसऱ्याला लग्नमंडपाची. वासाचा अभ्यास करायचा तर यापेक्षा चांगली प्रयोगशाळा शोधायला नको.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. अगरबत्तीच्या गुणवत्तेबद्दल तिघं बोलतात: विकणारा, वास घेणारा आणि पेपर लिहिणारा. तिघंही एकच शब्द वापरतात, पण बोलतात तीन वेगळ्या वस्तूंबद्दल. आणि या गोंधळात सगळ्यात कमी काळजी घेतो तो पेपर लिहिणारा. म्हणजे आपण.

आधी वस्तू ओळखा

‘उदबत्ती’ या शब्दातच गंमत आहे. ऊद हा अरबी ‘ऊद’वरून आला, मूळ अर्थ अगरूचं लाकूड. मराठीत मात्र ऊद म्हटलं की बहुतेकांना निखाऱ्यावर टाकायचा धूपच आठवतो. अगरबत्ती म्हणा की उदबत्ती, दोन्ही नावं अगरूचीच. आजच्या साध्या काडीत अगरू शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही. म्हणजे पहिला धडा: वस्तूचं नाव म्हणजे तिचं घटकपत्रक नव्हे.

बनवण्याच्या पद्धतीवरून काड्यांचे दोन ढोबळ प्रकार पडतात. पहिल्या प्रकारात कोळशाची भुकटी, लाकडाचा भुसा आणि चिकटपणासाठी जिगट (मैदालकडीसारख्या झाडांच्या सालीची पूड) बांबूच्या काडीवर चढवतात. ही कच्ची, बिनवासाची बत्ती. नंतर ती सुगंधी द्रावणात बुडवून वाळवतात. द्रावणात सुगंधी तेलं किंवा रसायनं थोडी असतात, बाकी ती पातळ करणारं द्रव्य. हे काम बहुधा डायइथाइल थॅलेट करतं. बाजारात त्याला ‘डीईपी’ म्हणतात. त्याला स्वतःचा वास जवळजवळ नसतो आणि ते वासाला धरून ठेवतं.

दुसरा प्रकार मसाला. इथे वास नंतर पाजत नाहीत, तो कणकेतच मळलेला असतो. चंदनाचा भुसा, नागरमोथा, कचोरा, वाळा, जटामांसी, राळ अशा वाटलेल्या जिनसा, त्यात चिकट द्रव्य आणि तेलं. हा ओला गोळा काडीवर वळायचा, वरून कोरडी पूड लावायची आणि सुकवायचं. काही जातींत हलमड्डी नावाची राळ असते. ती एलँथस जातीच्या झाडाला खाचा पाडून काढतात. ही राळ हवेतला ओलावा धरते, म्हणून अशी काडी बोटाला मऊ, किंचित दमट लागते आणि सावकाश जळते.

आता शहागंजमध्ये जाऊन पुडे बघा. ‘मसाला’ हा शब्द बऱ्याच पुड्यांवर दिसेल. पण तो बनावटीबद्दल बोलतोय की नुसत्या वासाच्या ढंगाबद्दल, हे पुड्यावरून कळेलच असं नाही. बुडवलेल्या काडीवर तपकिरी पूड फिरवली की ती दिसायला मसाला होते. माझा विकणाऱ्यावर राग नाही. तो वासाचं नाव सांगतोय. आपण ते बनावटीचं नाव समजून तक्त्यात भरलं, तर चूक आपली.

वास येतो कुठून?

पेटलेल्या टोकाचं तापमान कित्येकशे अंश सेल्सिअस असतं. तिथे सुगंधी रेणू जळून, तुटून जातात. आपल्याला आवडणारा वास मुख्यतः येतो तो निखाऱ्याच्या किंचित मागच्या पट्ट्यातून. तिथे काडी तापलेली असते, पण पेटलेली नसते. त्या पट्ट्यात तेलं उडतात. थोडक्यात, प्रत्येक उदबत्ती ही चिमुकली भट्टी आहे आणि तिच्यात एकीकडे ज्वलन, दुसरीकडे ऊर्ध्वपातन चालू असतं.

यातून टीकेचा पहिला मुद्दा निघतो. दुकानात आपण पुडा नाकाला लावतो आणि ‘छान आहे’ म्हणतो. तो न पेटलेल्या काडीचा वास. त्यात लिनॅलूलसारखे हलके, चटकन उडणारे रेणू पुढे असतात. लिनॅलूल सुमारे १९८ अंशांना उकळतं, चंदनातली सँटॅलॉल ही द्रव्यं त्याहून खूप जड. म्हणून पुड्यात झणझणीत वाटणारी काडी पेटल्यावर नुसता कोळशाचा धूर देऊ शकते, आणि पुड्यात गप्प असलेली काडी दहा मिनिटांनी खोली भरून टाकते. शिवाय दुकानात आधीच चाळीस वास तरंगत असतात. चौथ्या पुड्यानंतर नाक थकतं आणि आपण नाकाऐवजी रंगीत खोक्याचं ऐकायला लागतो.

माझ्या मते वासाचं परीक्षण चार वेळी करायला हवं: न पेटवता, पेटल्यावर पहिल्या दोन मिनिटांत, मध्यावर, आणि विझून तासाभरानं. चांगल्या मसाला काडीची ओळख चौथ्या वेळी पटते. खोलीत परत आल्यावर लाकडाचा, राळेचा मऊ वास रेंगाळत असेल तर वळणाऱ्यानं काम नीट केलंय. गोड वास उडून जाऊन घशाला खवखव आणि जळक्या कागदाचा वास उरला, तर खोकं कितीही देखणं असो, काडी सुमार आहे.

नागचंपाचं उदाहरण

मसाला काड्यांत जगभर गेलेलं नाव म्हणजे नागचंपा. निळ्या-पांढऱ्या खोक्यातली काडी तुम्ही पाहिली असेल. ती बनवणाऱ्या श्रीनिवास सुगंधालयाची सुरुवात १९६४ साली मुंबईत के. एन. सत्यम सेट्टी यांनी केली. आज त्या नावाच्या मुंबई आणि बंगळूरू अशा दोन वेगळ्या कंपन्या आहेत. ‘नागचंपाचा नमुना घेतला’ एवढंच लिहिणारा संशोधक कुणाचा माल तपासतोय, हे वाचणाऱ्याला कळत नाही. निर्मात्याचा पत्ता लिहिणं ही औपचारिकता नाही, ती पद्धतीचा भाग आहे.

नावातही खोच आहे. मराठीत नागचाफा म्हणजे नागकेशराचं झाड, मेसुआ फेरिया. सोनचाफा वेगळा, मॅग्नोलिया चंपाका. आणि काडीचा वास? चंदनाच्या बैठकीवर चाफ्याचा गोडवा आणि खाली हलमड्डीची मधासारखी जडशी किनार. म्हणजे हा फुलाचा वास नाही, ही एक रचना आहे, जशी मिसळ हा एका कडधान्याचा पदार्थ नाही. एखाद्यानं नाव वाचून नागकेशराच्या रेणूंची यादी समोर ठेवली आणि वायू-वर्णलेखनात त्या सापडत नाहीत म्हणून ‘भेसळ’ असा निष्कर्ष काढला, तर यंत्र बरोबर असूनही निष्कर्ष चूक ठरेल.

जुने शौकीन म्हणतात, ‘पूर्वीची काडी राहिली नाही, हलमड्डी कमी झाली.’ हे खरं असू शकतं. झाडाला जास्त खाचा पाडल्या तर झाड खचतं. शिवाय याच जातीचं लाकूड आगपेटीच्या काड्यांसाठीही तोडलं जातं. राळ महागली की कृती बदलणं स्वाभाविक आहे. पण पुरावा म्हणून आपल्याकडे काय आहे? आठवण. तीस वर्षांपूर्वीचा सीलबंद नमुना नसेल तर ही तुलना साक्षीवर उभी राहते, मोजमापावर नाही. साक्ष टाकाऊ नसते, पण ‘साक्ष’ म्हणूनच मांडावी लागते. तुमच्यापैकी कुणी वासाच्या इतिहासावर काम करणार असाल, तर हा फरक पहिल्या प्रकरणात लिहून टाका.

आता पेपर वाचू

२०१५ साली एक बातमी सगळ्या वर्तमानपत्रांत आली: अगरबत्ती सिगारेटपेक्षा घातक. मूळ पेपर चीनमधल्या संशोधकांचा, ‘एन्व्हायर्नमेंटल केमिस्ट्री लेटर्स’ या नियतकालिकातला. बातमी वाचून अनेक घरांत नातवानं आजीची उदबत्ती बंद केली असेल. आपण पेपर वाचणारे आहोत, तर विचारू: नमुने किती? उदबत्त्या चार, सिगारेट एक. चाचणी कशावर? जिवाणूंवर आणि हॅमस्टरच्या अंडाशयाच्या पेशींवर, बशीत. संशोधकांमध्ये कोण होतं? विद्यापीठासोबत तंबाखू कंपनीचे लोक. यातल्या कुठल्याही एका गोष्टीमुळे पेपर खोटा ठरत नाही. पण चार काड्यांवरून ‘अगरबत्ती’ या अख्ख्या जातीबद्दल बोलता येत नाही, आणि बशीतल्या पेशीवरून आजीच्या फुप्फुसाबद्दल तर नाहीच.

लगेच उलट्या टोकाला जाऊ नका. २००८ साली ‘कॅन्सर’ या नियतकालिकात सिंगापूरच्या चिनी वंशाच्या ६१,३२० लोकांचा अभ्यास आला. माणसांचा, अनेक वर्षांच्या पाठपुराव्याचा. त्यात दीर्घकाळ, सतत धूप जाळणाऱ्यांमध्ये श्वसनमार्गाच्या वरच्या भागातल्या कर्करोगाचा धोका वाढलेला दिसला. फुप्फुसाच्या कर्करोगाशी एकूण संबंध दिसला नाही, पण श्वसनमार्गातल्या ‘स्क्वॅमस’ प्रकाराशी दिसला. हा पुरावा गंभीरपणे घ्यावा असाच आहे. तरीही प्रश्न उरतो: त्यांच्या घरात दिवसरात्र जळणारा धूप आणि आपल्याकडे सकाळ-संध्याकाळ लावलेली एक काडी, यांत वस्तू तीच आहे का? मात्रा तीच आहे का?

आणि ज्या आकड्यामुळे मला हा लेख लिहावासा वाटला, तो २००२ सालच्या एका अमेरिकी अभ्यासातला. जेटर आणि सहकाऱ्यांनी २३ प्रकारचे धूप जाळून धुरातले सूक्ष्म कण मोजले. दर ग्रॅम जळणाऱ्या मालामागे कण निघाले ५ मिलिग्रॅमपासून ५६ मिलिग्रॅमपर्यंत. म्हणजे अकरा पटींचा फरक, एकाच शब्दाखाली!

हा फरक घरात आणून बघा. दहा बाय दहाची खोली, उंची दहा फूट: सुमारे २८ घनमीटर हवा. समजा एक ग्रॅम माल जळला आणि दारं-खिडक्या बंद आहेत. पहिल्या काडीनं हवेत घनमीटरला सुमारे १८० मायक्रोग्रॅम कण येतील, शेवटच्या काडीनं सुमारे २०००. भारताची पीएम २.५ ची चोवीस तासांची मर्यादा ६० आहे. (थांबा, इथे घाईनं तुलना करू नका. ६० ही दिवसाची सरासरी आहे, आपला आकडा बंद खोलीतल्या टोकाचा. खिडकी उघडली की तो झपाट्यानं खाली येतो.) पण मुद्दा लक्षात आला ना? ‘अगरबत्तीनं नुकसान होतं का?’ हा संशोधनाचा प्रश्नच नाही. कुठली काडी, किती ग्रॅम, किती वेळ, किती हवा, हे चार शब्द आत आले की तो प्रश्न होतो.

अजून एक बारकावा. वरचा आकडा दर ग्रॅममागचा आहे. घरात आपण ग्रॅम लावत नाही, काडी लावतो. जाड मसाला काडी दर ग्रॅममागे कमी धूर देत असली, तरी तिच्यावर माल दुप्पट असेल तर हिशोब फिरतो. एकक निवडणं म्हणजे बाजू निवडणं असू शकतं. पेपर वाचताना आधी एकक बघायची सवय लावा.

‘नैसर्गिक’ नावाची पळवाट

मसाला काडीचे चाहते इथे म्हणतील, ‘आमची तर जडीबुटीची, तिचा धूर कसा वाईट?’ मला मसाला काडी आवडते, तरी हे म्हणणं मान्य नाही. चंदनाचा भुसा जळला तरी सूक्ष्म कण निघतात, राळ जळली तरी बेंझीन आणि फॉर्मॅल्डिहाइड निघू शकतं. फुप्फुसाला झाडाचं नाव कळत नाही. वासाची गुणवत्ता आणि धुराची निर्धोकता या दोन वेगळ्या मोजपट्ट्या आहेत. एकीवरचे गुण दुसरीवर चढवता येत नाहीत. उत्तम वासाची काडी भरपूर धूर देणारी असू शकते, आणि कमी धुराची काडी नाकाला अगदी फिकी.

‘चंदन’ या शब्दाचंही तसंच. अस्सल चंदनतेलाचा भाव किलोला लाखाच्या पुढे आहे. दहा-वीस रुपयांच्या पुड्यात ते किती असेल, याला प्रयोगशाळा लागत नाही, त्रैराशिक पुरतं. म्हणून ती काडी वाईट ठरत नाही. कृत्रिम चंदनवासही कुशलतेनं बांधता येतो. फक्त लेबलवरचं ‘चंदन’ हे वासाचं वर्णन आहे, घटकाचं नाही, हे मनाशी पक्कं असू द्या.

या बाबतीत एक चांगली गोष्ट घडली आहे. डिसेंबर २०२५ मध्ये भारतीय मानक ब्यूरोचं अगरबत्तीसाठी स्वतंत्र मानक आलं, आयएस १९४१२:२०२५. त्यात यंत्रावरची, हातानं वळलेली आणि पारंपरिक मसाला असे वर्ग केले आहेत आणि काही कीटकनाशक द्रव्यं व काही कृत्रिम सुगंधी रसायनं वापरायला मनाई आहे. निदान ‘मसाला’ हा शब्द आता चर्चेला धरायला एक खुंटी झाली. यापुढे पेपर लिहिणाऱ्यानं ‘ब्रँड अ, ब, क’ एवढ्यावर भागवलं, तर त्याला सबब उरलेली नाही.

आपल्याच कपाटातली पुस्तकं

वर्गीकरणाची ही शिस्त काही परदेशातून आणायची गोष्ट नाही. सहाव्या शतकात वराहमिहिरानं ‘बृहत्संहिते’त गंधयुक्तीचं प्रकरण लिहिलं, आणि सोळा द्रव्यांतून चार-चार निवडली तर १८२० मिश्रणं होतात हा हिशोब मांडला. शाळेतलं संयोजनाचं सूत्र लावून बघा, तेवढीच येतात. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वरानं ‘मानसोल्लासा’त धूपाचे चूर्ण, पिंड आणि वर्ती असे आकारावरून भेद सांगितले. पुण्याच्या भांडारकर संस्थेतले प. कृ. गोडे यांनी गंगाधराचा ‘गंधसार’ आणि ‘गंधवाद’ हे ग्रंथ उजेडात आणले. ‘गंधवादा’वर तर मराठी टीका आहे. म्हणजे वासाबद्दल काटेकोर बोलायला मराठीत शब्द नाहीत, ही तक्रार खोटी आहे. रसायनशास्त्राचा विद्यार्थी ही टीका उघडत नाही आणि मराठीचा विद्यार्थी काडी जाळून बघत नाही, ही खरी अडचण आहे. दोघांनी मिळून विषय घेतला तर एक चांगला प्रबंध इथेच पडून आहे.

शहागंजमध्ये नमुना कसा घ्याल

एक: किमान तीन दुकानांतून घ्या, एकाच दुकानाचा साठा सारखा असतो. सुटी काडी घेतली तर तसं लिहा. तिला ना तारीख ना निर्माता. पुडा असेल तर बॅच क्रमांक, तारीख आणि निर्मात्याचा पत्ता यांचा फोटो काढा.

दोन: नावावर जाऊ नका, काडी मोडून बघा. बुडवलेल्या काडीत आत काळा कोळसा सरसकट दिसतो. मसाला काडीत तपकिरी, रवाळ, बऱ्याचदा मऊ थर. जळायच्या भागातला माल खरवडून वजन करा, जळायला लागलेला वेळ लिहा. स्वयंपाकघरातला काटा इथे पुरत नाही, ०.०१ ग्रॅमचा लागेल.

तीन: वासाची परीक्षा आंधळी ठेवा. काड्यांना तीन अंकी कोणतेही क्रमांक द्या. तीन नमुन्यांत दोन सारखे आणि एक वेगळा ठेवून ‘वेगळा कुठला?’ विचारा. नुसत्या अंदाजानं बरोबर यायची शक्यता एक तृतीयांश. बारा जणांपैकी किमान आठ जणांनी ओळखला, तर पाच टक्क्यांच्या कसोटीवर फरक खरा मानता येतो. ‘महागडी काडी वेगळीच’ म्हणणाऱ्या मित्रांवर हे करून बघा.

चार: विकणाऱ्याला आणि वळणाऱ्याला विचारा. हातानं वळायचं काम अनेक ठिकाणी बायका घरबसल्या करतात आणि मजुरी हजार काड्यांच्या हिशोबानं मिळते. कणीक कधी फाटते, पावसाळ्यात काडी का वाकते, भुकटीनं खोकला कुणाला येतो, हे त्यांना माहीत असतं. अगरबत्तीच्या धुरावरचे पेपर बहुतेक जाळणाऱ्याच्या घरापासून सुरू होतात. जाळण्याच्या आधी महिनोन्‌महिने ती पूड श्वासात घेणाऱ्या बाईचा रकाना त्यांच्या तक्त्यात नसतो. माझ्या मते या विषयातली सगळ्यात मोठी उणीव हीच आहे. ती भरून काढायला महागडं यंत्र लागत नाही, भाषा आणि वेळ लागतो. ते दोन्ही तुमच्याकडे आहेत.

राहता राहिला आजीचा प्रश्न. तिला ‘एक काडी म्हणजे इतक्या सिगारेटी’ असं सांगू नका, तसा पुरावा नाही. ‘जडीबुटीची आहे, खुशाल लाव’ असंही सांगू नका. एक काडी, उघडी खिडकी आणि घरात दम्याचं माणूस किंवा तान्हं मूल असेल तर तीही नको, एवढं आजच्या पुराव्यावर सांगता येतं. याहून जास्त सांगायचं असेल, तर कुणीतरी नीट मोजायला हवं. तुमच्या ‘संशोधन समस्या’ या रकान्यात लिहायला वाक्य हवं होतं ना? हे घ्या: ‘शहागंजच्या बाजारात मसाला म्हणून विकल्या जाणाऱ्या काड्यांची बनावट, दर काडीमागचा सूक्ष्म कणांचा उत्सर्ग आणि आंधळ्या परीक्षेतली वासाची पसंती यांचा परस्परसंबंध.’ मार्गदर्शक यातला अर्धा भाग कापतील. उरलेला अर्धा करण्याजोगा असेल.